बूट बाहेर काढून या

वजनाच्या प्लेटा भरलेला बार डोक्यावर धरून उभ्या असलेल्या मुलीच्या पायांकडे तुम्ही कधी पाहिलंय का? हातांकडे पाहता, ते मला ठाऊक आहे. चेहऱ्याकडे पाहता. मोबाइलवर फोटो काढता तोही कमरेच्या वरचाच. पण खाली, जिथे ते सगळं वजन जमिनीला येऊन भिडतं, तिथे तेव्हा काय चाललेलं असतं?

मी फक्त तिथेच पाहते. दुसरीकडे मला पाहवतच नाही.

परवा महाडला गेले होते. बाजारातून तालमीकडे वळणाऱ्या गल्लीत शिरले आणि लोखंडाचा आवाज ऐकू आला. तो आतून येत नव्हता. तालमीच्या बाहेरच्या ओट्यावर शाळेच्या वयाच्या चार मुली होत्या आणि त्यांच्यासमोर हात कमरेवर ठेवून शीतल उभी होती, माझी लहानपणची मैत्रीण. एका मुलीने बार खांद्यापर्यंत आणला. तिच्या पायांत बूट होते, चांगले होते, कडक टाचेचे. पण ओट्याला उतार आहे. पावसाचं पाणी निघून जावं म्हणून गवंड्याने मुद्दाम दिलेला. बार वर गेला तेव्हा तिचा उजवा पाय डाव्यापेक्षा बोटभर खाली होता. मी गल्लीतच थांबले. गुडघा आत वळतो का, एवढंच बघत राहिले.

बार खाली आला. तिला काही झालं नाही.

"तोंड गल्लीकडं कर गो, मंग पाय सारखे ऱ्हातील," शीतल तिला म्हणाली आणि मग तिला मी दिसले. "आली का आमची पत्रकवाली! अशी काय उभी हायस भूत बघितल्यासारखी?"

तिच्या मागे तालमीचं दार उघडं होतं. आत सपाट जमीन होती, नवी रबरी चटई होती, पंखा होता. आणि चटईवर कोणी नव्हतं. दारावर रंगवलेली पाटी होती: बूट बाहेर काढून या.

आमच्या वेळी ही पाटी नव्हती. लागतच नव्हती. उंबऱ्याबाहेर चपलांची रांग असायची आणि आत सगळे अनवाणी, हे श्वास घेण्याइतकं साधं होतं. समोरच्या भिंतीवर शेंदरी मारुतीची तसबीर. तिच्याखाली तेलाचा दिवा, उदबत्तीची राख. गंजलेल्या प्लेटा, ओलसर भिंत, कापूर आणि घाम यांचा मिळून एक वास, जो आजही कुठे जुन्या लोखंडाला हात लागला की माझ्या नाकात येतो. खाली शहाबादी फरशी. प्रत्येक जण बारला हात घालण्याआधी वाकायचा, फरशीला बोटं लावायचा आणि ती कपाळाला टेकवायचा. गिरणीवाल्याचा मुलगा, कोर्टातला शिपाई, कारखान्यातून पाळी संपवून आलेले दोघे-तिघे, सगळे. मी नास्तिकाच्या घरातली, तरी वाकायचे. का, ते विचारू नका. फरशी थंड असायची आणि कपाळ तापलेलं.

अण्णा तिथले वस्ताद. तालमीत मुलींना घेणार का, असं विचारायला आम्ही दोघी गेलो तेव्हा ते दाढी करत होते. अर्ध्या गालावर फेस. आरशातूनच आमच्याकडे बघून म्हणाले, "वजन काय विचारतं का पोरगा हाय की पोरगी? या उद्यापासनं. चपला भायेर."

शीतल पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या गावातली. शाळेसाठी महाडला मामाकडे राहायची. तिचे पाय मला आजही डोळ्यांपुढे आणता येतात. रुंद, बोटं पसरलेली, टाचा चिरलेल्या. चढ-उतारावर वाढलेले पाय. ती फरशीवर उभी राहिली की रोवलेल्या खांबासारखी वाटायची. माझे पाय अरुंद, मऊ, सतत बुटांत राहिलेले. तिच्या शेजारी उभी राहिले की मला माझ्या पायांची लाज वाटे.

आमच्या घरी भिंतींना पोपडे आणि कोपऱ्यात पत्रकांचे गठ्ठे. बाबा शिक्षक होते, आणि शाळा सुटली की पत्रकं काढत. पिण्याच्या पाण्यावर, बुवाबाजीवर, कारखान्यांतल्या कामगारांच्या हातमोज्यांवर. गुलाबी, पिवळा, पोपटी असा पातळ कागद, बोटांना लागणारी ओली शाई. मी वाचायला शिकले ती त्यांच्या प्रुफांवर. 'जागे व्हा', 'विचारा', 'भिऊ नका'. आमच्या घरात भीती हा शब्द तेवढ्याच एका वाक्यात यायचा. त्यामुळे मला भीती वाटते हे सांगायचं कुठे, ते मला कधी कळलं नाही. मी ओरडून बोलायला शिकले. लोक म्हणायचे, पोरगी धीट आहे.

पावसाळ्यात त्या पत्रकांचा दुसरा उपयोग व्हायचा. माझे बास्केटबॉलचे बूट रोज भिजायचे आणि आई उरलेल्या पत्रकांचे बोळे करून त्यांत कोंबायची. सकाळी बोळे काढले की कागद ओला, बूट कोमट. शाई आतल्या कापडाला लागायची आणि माझ्या पांढऱ्या मोज्यांवर पुसट अक्षरं उमटायची. शीतल ती वाचायचा प्रयत्न करायची. "काय लिवलंय गो पायावर? क्रांती?"

ते बूट बाजारातल्या दुकानातून बाबांनी घेतले होते. दुकानदाराने तीन जोड समोर ठेवले आणि बाबांना विचारलं, "सर, खेळणार काय?" बास्केटबॉल म्हटल्यावर त्याने दोन जोड मागे सारले. उरलेला घोट्याच्या वरपर्यंत येणारा होता. त्याने तळ उलटा करून दाखवला. माशाच्या काट्यासारख्या बारीक रेघा. "घसरत नाही. आणि उडी मारून खाली आलात की टाचेला लागत नाही. बघा, अंगठ्याने दाबा." मी दाबला. तळ आत गेला आणि परत वर आला, ताज्या पावासारखा. "एक नंबर मोठा घ्या, वाढता पाय आहे," असं तो म्हणाला आणि पुढे थोडा कापूस भरून दिला. गावात सगळ्यांचे बूट असेच घेतले जात, पुढच्या वर्षाच्या पायासाठी.

शाळेच्या मागचं कोर्ट सिमेंटचं होतं. कडेला तडे, तड्यांत गवत. रिंगला जाळी नव्हती, म्हणून बॉल आत गेला की बाहेर हे वरून पडणाऱ्या आवाजावरून ठरवायचं, आणि त्यावरून भांडायचं. पाऊस जरा थांबला की आम्ही खराट्याने शेवाळ खरवडायचो. कोरड्या दिवशी बूट चुईं चुईं करायचे आणि त्या आवाजाने मला धीर यायचा. औद्योगिक वसाहतीच्या बाजूने वारा आला की हवेला एक आंबूस वास लागायचा. मग दिवे लागायचे, आणि आमच्या सावल्या सावित्री नदीच्या दिशेला लांब व्हायच्या. शीतल तिथेही अनवाणी खेळायची. मी ओरडायचे, "पाय कापेल तुझा!" ती म्हणायची, "तू तुझे बूट संभाळ, मी माझा पाय संभाळते."

सकाळी तालीम आणि संध्याकाळी कोर्ट. एका जागी बुटाशिवाय चालत नसे आणि दुसऱ्या जागी बुटाने. मला हे पटत नव्हतं. पावसाळ्यात फरशी घामेजायची, भिंतींना पाणी सुटायचं. त्या फरशीवर शीतल अनवाणी भरलेला बार डोक्यावर घ्यायची आणि मी तिच्या टाचांवर नजर खिळवून असायचे. मी बाबांची मुलगी. भीती म्हणून सांगता येत नव्हतं, तर तत्त्व म्हणून सांगितलं.

"अण्णा, देव काय बुटांकडे बघतो का?"

प्लेट पुसता पुसता अण्णा थांबले. "देव नसंल बघत. पण ह्या जमिनीला आपण कपाळ लावतो ना? मंग रस्त्यावरचं शेण तिथं आणायचं का?"

मला राग आला. मी पाण्यापासून समतेपर्यंत सगळं बोलून घेतलं. शीतल बैठका मारत होती. मोजता मोजता म्हणाली, "अण्णा, तिचं पत्रक झालं का सांगा, मंग मी प्लेट वाढवते." सगळी तालीम हसली. अण्णाही.

पण काहीतरी त्यांच्या मनात राहिलं असावं. खोल बसताना टाच थोडी उंच असली की पाठ सरळ राहते, हे त्यांना माहीत होतंच. त्यांनी सुताराकडून सागाची एक पट्टी करून आणली. शीतलने टाचा त्या पट्टीवर ठेवायच्या. बूट नाही, पण बुटाचं काम. तालमीतले सगळे तेव्हापासून तिला 'उंच टाचवाली बाई' म्हणायला लागले. मला मात्र ती पट्टी बूट नसण्यापेक्षा वाईट वाटायची. बूट पायाबरोबर येतो, पट्टी येत नाही. ओल्या फरशीवर ती कधीकधी नखभर सरकायची. बारीक, चिकट आवाज. मी तो आवाज ऐकायला टपलेली असायचे.

दसऱ्याला तालमीत बार, प्लेटा, मुगदर सगळं पुसून मांडायचे. झेंडूच्या माळा, आपट्याची पानं, हळदकुंकू. वर्षभर काळं दिसणारं लोखंड त्या दिवशी देव्हाऱ्यातलं वाटायचं. एका दसऱ्याला शीतलने माझे बूट धुतले, वाळवले आणि मला न सांगता बारच्या शेजारी नेऊन ठेवले. सगळे अण्णांकडे बघू लागले. आता अण्णा आम्हाला हाकलणार, असं वाटलं. अण्णा उठले, दोन्ही बूट नाड्यांना धरून उचलले, उंबऱ्याबाहेर नेले आणि पायरीवर जोडीने ठेवले. मग आत आले, ताटातलं एक फूल घेतलं, परत बाहेर गेले आणि ते बुटांवर ठेवलं.

बाहेरच. पण फूल ठेवलं. मी त्या माणसावर नीट रागावू शकले नाही ती त्या फुलामुळे.

मग अलिबाग. जिल्ह्याची वेटलिफ्टिंगची निवड चाचणी. एसटीत शीतल खिडकीपाशी बसली आणि वाटेतल्या प्रत्येक गावाचं नाव मोठ्याने वाचत गेली. अण्णांना पाहुण्यांत मयत झाल्याने येता आलं नव्हतं. सोबत मी आणि तिची मामी. मैदानावर मांडव होता, मधे लाकडी चौथरा, हातांना चोळायच्या पांढऱ्या पावडरीचा वास. इतर मुली चालायला लागल्या की लाकडावर टक, टक असा आवाज यायचा. मी खाली पाहिलं. त्यांच्या बुटांना कडक, उंच टाच होती, वर आडवा पट्टा. तसले बूट मी आधी पाहिलेच नव्हते. ते दबत नव्हते. त्या उभ्या राहिल्या की जमीन आणि त्यांच्यात काही हलत नव्हतं.

शीतलचं नाव पुकारलं. टेबलामागच्या बाईंनी तिच्या पायांकडे पाहिलं.

"बूट कुठे आहेत?"

"मी अशीच उचलते."

"इथे नाही चालत. नियम आहे. बूट घालून ये, नाहीतर नाव कापावं लागेल."

महाडला बूट घातले तर आत जाता येत नव्हतं. इथे घातले नाहीत तर. शीतल माझ्याकडे वळली. ती हसत होती, पण ओठ कोरडे होते.

"काढ गो. बघतंस काय?"

मी नाड्या सोडल्या. तिने माझे बूट घातले, पुढचा कापूस बोटांनी चेपला, घोट्यापर्यंत नाड्या ओढल्या आणि जागच्या जागी दोनदा उसळली. "गादीवर उभी हाय जणू," ती म्हणाली.

मला तेव्हा शब्दांत सांगता आलं नसतं, पण कळलं होतं. बास्केटबॉलचा बूट उडीवरून खाली येणाऱ्या पायासाठी केलेला असतो. जमिनीचा मार तो स्वतः खातो, दबतो, उसळतो. तोच त्याचा गुण. वजन उचलणाऱ्या पायाखाली मात्र काहीही दबता कामा नये. तिथे उसळणारा तळ म्हणजे चिखल. आणि तिने आयुष्यात कधी बूट घालून बार उचलला नव्हता.

पहिला बार नीट वर गेला. पंचांनी हात खाली केला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. तिचा डावा तळ आतल्या बाजूला कलताना मी पाहिला होता. मला ओरडायचं होतं. इतकी वर्षं ओरडणारी मी, माझा आवाजच निघेना. दुसरा बार भरला गेला. ती चौथऱ्यावर चढली, सवयीने वाकली, लाकडाला बोटं लावून कपाळाला टेकवली. बार उचलला, त्याच्याखाली बसली, हात ताठ झाले. वर सगळं बरोबर होतं. चेहरा, खांदे, मनगटं. खाली माझ्या बुटाचा तळ पावासारखा एका अंगाने दबला आणि तिचा गुडघा त्याच्या मागे गेला.

लोखंड लाकडावर पडल्याचा आवाज मोठा होता. त्याच्या आतला दुसरा आवाज लहान होता. मला अजून लहानच ऐकू येतो.

पुढचं सलग आठवत नाही. वेदनाशामक फवाऱ्याचा थंड वास. मामीचं "देवा, देवा". परतीच्या एसटीत तिचा पाय माझ्या मांडीवर आडवा, टॉवेलात गुंडाळलेला. कंडक्टरने पुढची सीट रिकामी करून दिली. नागोठण्याच्या पुढे कुठेतरी शीतल डोळे मिटूनच म्हणाली, "तुझे बूट चांगले हायत गो." थोड्या वेळाने म्हणाली, "झोपायला."

मी हसले आणि मग मला थांबवता येईना. माझं रडणं झाकायला मामी मोठ्याने खोकत राहिली.

पुढे पूर आला. तालमीतली शहाबादी उखडली, तसबीर गेली, सागाची पट्टी कुठल्या कुठे वाहून गेली. आमच्या घरातल्या पत्रकांचा लगदा झाला, गुलाबी आणि पोपटी एकत्र, हाताने उपसून बाहेर टाकला. ते बूटही त्यातच गेले. कोर्टावर गाळ बसला. नंतर तिथे गाड्या लावू लागले. आता बॉलचा आवाज त्या बाजूने येत नाही. चुईं चुईं तर नाहीच.

तालीम पुन्हा उभी राहिली. नवी तसबीर आली, चटई आली, दारावर पाटी आली. शीतल वसाहतीतल्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते. गुडघ्यावरची खूण पँटखाली झाकलेली असते, पण जिना उतरताना ती आधी डावा पाय टाकते. सुट्टीच्या वेळात या चार मुलींना शिकवते. त्यांना पहिल्या दिवसापासून वजन उचलायचे बूट घालायला लावते, कारण स्पर्धेत बूट लागणार आणि बुटातलं शरीर अनवाणी शरीरापेक्षा वेगळं असतं. आत बुटांना बंदी. म्हणून त्या ओट्यावर. उतारावर. पावसाची सर आली की ओला होणाऱ्या, गल्लीतून गाडी गेली की हादरणाऱ्या ओट्यावर.

"एक दिवस त्यांतली कुणी पडेल," मी तिला म्हणाले. माझा आवाज कापला आणि मी तो कापू दिला.

"म्हाईत हाय," शीतल म्हणाली. "चल, अण्णांशी बोलूया. मी रोज बोलते. आज तू पण बोल. पण भाषण नको."

अण्णा आत खुर्चीवर बसले होते. पांढरे झालेत, ऐकू कमी येतं. मी चपला काढून आत गेले, वाकले, बोटं कपाळाला लावली. ते हसले. "ही अजून वाकते!"

शीतल त्यांच्या कानाशी बसली. "अण्णा, हे बूट रस्ता बघणार नायत. पिशवीतनं आणायचे, उंबऱ्याच्या आत आल्यावर घालायचे, आतच काढायचे. पोरी रोज पुसून ठेवतील."

"आणि कपाळ लावायचं कुठं?"

"हितंच. आधी कपाळ, मंग बूट."

अण्णांनी तिच्या गुडघ्याकडे पाहिलं. पँटखाली काय आहे ते त्यांना ठाऊक आहे. "मी एकटा हो म्हणलो तर लोक म्हणतील म्हातारा भरमला," ते म्हणाले. "तालमीच्या रविवारच्या बैठकीत ठराव ठेव. हात वर झाले तर माझा हात आडवा येणार नाय."

आम्ही ओट्यावर आलो. मी म्हणाले, "झालं मग काम!"

"कसलं झालं?" शीतल म्हणाली. "मागच्या बैठकीत पण ठेवला होता. दारातून निघताना सगळे म्हणाले, शीतल, तुझं बरोबर हाय. आत असताना एकाचा हात मांडीवरनं उठला नाय."

मी त्यांना ओळखते. वाईट माणसं नाहीत. देवाच्या तसबिरीसमोर, शेजाऱ्यांच्या देखत पहिला हात आपला असू नये, एवढीच त्यांची भीती आहे. ती भीती मला समजते. माझी त्याहून जुनी आहे.

म्हणून हे लिहिलं. तालमीत कधीही घाम गाळलेल्या कुणालाही त्या बैठकीत बसून हात वर करता येतो, आणि तुमच्या गावातही अशी एखादी तालीम, असा एखादा ओटा असेलच. रविवारी या. चपला बाहेर काढा, आत बसा, मारुतीला नमस्कार करायचा असेल तर करा. बोलू नका, शीतल बोलेल. तिने विचारलं की मात्र हात वर करा. थरथरला तरी करा. मोजताना तोही धरतात.